काडेपेट्यांतला आवाज

वाचनालयाच्या ग्रंथपालांचा फोन आला तेव्हा बाई खिडकीच्या जाळीत अडकलेली धूळ जुन्या टूथब्रशनं काढत बसल्या होत्या. शहरातलं नभोवाणी केंद्र बंद पडून बारा वर्षं झाली होती. त्याच्या शेजारच्या खोलीत मोठ्या थाटानं सुरू झालेल्या दूरचित्रवाणीनं तर त्याआधीच गाशा गुंडाळला होता. आता कुणाला तरी जाग आली होती आणि दोन्हींचा इतिहास लिहायचं ठरलं होतं. ग्रंथपालांच्या ताब्यात चारशेवर टेप आल्या होत्या आणि निम्म्यांवर ना नाव होतं ना तारीख.

"आवाज ओळखायला तुमच्याशिवाय कोण आहे?" ग्रंथपाल म्हणाले. "आमची आई अजून तुम्हाला साडेसहाच म्हणते."

बाई हसल्या. अकरा वर्षं रोज सकाळी साडेसहाला त्यांच्या आवाजानं शहर उठत असे, त्यावरून पडलेलं हे नाव. लोक त्यांच्या नमस्कारावर घड्याळ लावायचे, दूध चुलीवर ठेवायचे. घड्याळ मागं पडेल, बाई पडायच्या नाहीत, असं कोपऱ्यावरचा न्हावी गिऱ्हाइकांना सांगायचा. पण ही चौतीस वर्षांच्या बाईंची गोष्ट. आता त्या पासष्टच्या होत्या आणि मधली एकतीस वर्षं त्यांनी माइकसमोर तोंड उघडलं नव्हतं. जावं की न जावं हे त्यांना दोन दिवस ठरवता आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

केंद्र पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होतं. भिंतींना जुन्या रजया ठोकल्या होत्या, तरी खाली टपालावर शिक्के मारायला सुरुवात झाली की वर धाडधाड ऐकू यायचं. म्हणून महत्त्वाचं सगळं पोस्ट उघडायच्या आत उरकून घ्यायचं, अशी रीतच पडली होती. माणसं मोजून सात. नाकानं कांदे सोलणारे एक संचालक, चार निवेदक, एक शिपाई आणि ध्वनितंत्रज्ञ. या तंत्रज्ञाला सगळे 'कात्री' म्हणायचे. गळ्यात दोरीला बांधलेली छोटी पितळी कात्री आणि शर्टाच्या खिशात चिकटपट्टीचं रीळ, असा त्याचा अवतार. टेप तिरकी कापून, टोकाला टोक भिडवून, मागून पट्टी लावून तो असा जोड मारायचा की कानाला पत्ता लागू नये. बोटाला मात्र लागायचा. डोळे मिटून टेपवरून बोट फिरवायचं नि जोड मोजायचे, हे त्यानंच बाईंना शिकवलं होतं.

बाई त्याला दादा म्हणायच्या. वरवरचं नव्हे. आईवडील गेल्यावर त्यांना एक थोरली बहीण होती आणि दुसरा हा. त्यांच्या तापाला औषध आणणारा, खोलीचं कुलूप बिघडलं तर येऊन दुरुस्त करणारा.

या दादाची एक खोड होती. बाईंनी चांगला म्हटलेला एखादा शब्द सापडला की तो टेपचा तेवढा तुकडा कापून रिकाम्या काडेपेटीत ठेवायचा आणि वर शब्द लिहायचा. पुढं कधी बाई अडखळल्या, खोकल्या, तर तो तुकडा तिथं बसवायचा. होता होता काडेपेट्यांनी एक अख्खं कपाट भरलं. 'नमस्कार' एकट्याच्या नऊ होत्या.

"मी मेले तरी तू मला बोलवत ठेवशील," बाई म्हणायच्या.

"मग? पगार मात्र मी घेणार," तो म्हणायचा. यावर दोघं पोट धरून हसत.

दुसरी खोड सगळ्यांचीच होती. कामाच्या वहीत रोज सही करायची, पण रोज कोण करतंय? सोमवारी सकाळी आठवड्याच्या सातही पानांवर सह्या ठोकून सगळे मोकळे व्हायचे. ती वही कधी कुणी उघडून बघेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्या आठवड्यात सोमवारी सह्या करून बाई घरी गेल्या आणि मंगळवारी तापानं फणफणल्या. बुधवारी आवाज गेला. बसला नाही, गेलाच. ओठ हलत, हवा बाहेर पडे, आवाज नाही. आठवडाभर तरी परत येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

गुरुवारी सकाळी साडेसहाला बाईंच्या आवाजात सूचना गेली. नदीकाठच्या वस्तीनं घाबरू नये, धरणातून पाणी सोडणार नाहीत, सगळ्यांनी घरातच थांबावं. पावणेआठला पाणी सोडलं. एकोणीस माणसं गेली, त्यांत बाईंचे भाऊजी होते. त्यांनी हातगाडीवर सामान चढवायला घेतलं होतं. रेडिओ ऐकून त्यांच्या बायकोनं, म्हणजे बाईंच्या ताईनं, ते उतरवायला लावलं.

बाईंचा आवाज त्याच दिवशी दुपारी परत आला.

मी तर अंथरुणात होते, असं बाई चौकशीत म्हणाल्या. त्यांच्यापुढं वही सरकवली गेली. गुरुवारच्या पानावर त्यांची सही होती. सोमवारचं कुणाला सांगणार? त्या संध्याकाळी दादा घरी आला, खुर्ची ओढून बसला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अगं, तू आली होतीस. ताप डोक्यात गेला होता तुझ्या. कागद वाचलास नि कोसळलीस. मीच तुला घरी आणून निजवलं. तुला आठवत नाही, एवढंच."

बाईंनी स्वतःच्या आठवणीपेक्षा त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. आजारपणात हाती आलेला कागद वाचला, दोष नाही, असा चौकशीनं निकाल दिला. बाईंनी मात्र नोकरी सोडली.

ताईनं त्यांना एकदाच तोंडावर सुनावलं. पाणी ओसरल्यावर, चिखलात उभं राहून. "जगाला जाऊ दे. पण तू मला हाक मारलीस. रेडिओवरून, माझं नाव घेऊन. म्हणून मी त्यांना थांबवलं." वस्तीतल्या दुसऱ्या कुणीही असली हाक ऐकली नव्हती. दुःखानं तिचं डोकं फिरलंय, असं सगळे म्हणाले. बाईंनाही तेच वाटलं. त्यानंतर एकतीस वर्षांत ताईचं दार उघडलं नाही.

वाचनालयातल्या मागच्या खोलीत बाई रोज अकराला जाऊन बसू लागल्या. पहिले दोन दिवस मजेत गेले. मुलांचा कार्यक्रम, मोगऱ्याला खत कसं घालावं, गाजलेला तो वैद्य ज्याला दर दोन वाक्यांना शिंक यायची. मेलेली माणसं भराभर बोलत होती आणि बाई ग्रंथपालांना नावं सांगत होत्या.

तिसऱ्या दिवशी एका डब्यात छोटं रीळ निघालं. डब्यावर फक्त तारीख होती. बाईंनी ती दोनदा वाचली. ग्रंथपाल फोन घ्यायला बाहेर गेले होते.

त्यांनी रीळ चढवलं आणि कळ दाबली.

"नदीकाठच्या," त्यांचाच आवाज म्हणाला, "वस्तीतल्या नागरिकांना..."

बाई ताठ झाल्या. 'नदीकाठच्या' हा शब्द त्यांनी मगरीच्या गोष्टीत म्हटला होता. शेवटी जरा घाबरवणारा हेल होता, तो तसाच. 'वस्तीतल्या नागरिकांना' लसीकरणातलं. 'काळजीचं काही कारण नाही' हे कांजिण्यांवरच्या भाषणातलं. 'पाणी' कुंड्यांना घालायचं होतं. 'सोडण्यात येणार नाही' ती सहाची बस होती, रस्ता खचल्यामुळं न सुटलेली. आणि 'घरातच' म्हणजे साबण घरातच बनवा.

कपाटातल्या काडेपेट्या एकामागून एक उघडत होत्या.

त्यांनी टेप थांबवली, उलगडली, डोळे मिटले आणि बोट फिरवलं. अकरा जोड. सहाव्या नि सातव्याच्या मधे चार सेकंदांची मोकळी जागा होती. तिथं काहीच नव्हतं, फक्त बंद खोलीत माइक चालू राहिला की येतो तसला जडपणा. त्यांनी तेवढा भाग पुन्हा लावला. शेवटी कुणीतरी आवंढा गिळल्यासारखं वाटलं. आपलाच असेल, त्यांना वाटलं.

त्यांना आधी आनंद झाला. एवढा, की टेबलाची कड धरून त्या लहान मुलीसारख्या रडल्या. मी नव्हते. मी अंथरुणातच होते. एकतीस वर्षं जे पाप उशाशी घेऊन निजत होते ते माझं नव्हतंच. आणि मग, डोळे पुसता पुसता, दुसरी गोष्ट लक्षात आली. खुर्ची ओढून बसलेला दादा. त्याचा तो हलका आवाज. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि कापणारा अजून मुलाच्या घरी सुखानं चहा पीत होता.

तो खरंच चहा पीत होता. गच्चीवर वेताच्या खुर्चीत, दुपारच्या उन्हाला पाय देऊन. त्र्याहत्तरीचा झाला होता. बाईंना बघून त्याचा चेहरा खुलला, त्याचा बाईंना फार राग आला.

"दादा, अकरा जोड आहेत," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या.

कुठल्या टेपला, असं त्यानं विचारलं नाही. कप खाली ठेवला.

"अकरा? नीट मोजलेस?"

"बोटानं मोजले. तूच शिकवलंस."

"मी चौदा मारले होते गं."

"चौदा काय नि चारशे काय! माझ्या तोंडात दुसऱ्याचे शब्द घातलेस. वर मलाच सांगितलंस की मी आले होते. का?"

त्यानं कप बाजूला सारला. "वरून निरोप होता, लोक घाबरता कामा नयेत. नवीन पोरीच्या आवाजावर कोण विश्वास ठेवणार? संचालकसाहेब डोक्याशी उभे राहिले. म्हणाले, साडेसहाचा आवाज पाहिजे. पाणी सोडतील असं मला तरी कुठं माहीत होतं? नंतर म्हणाले, एक तर तुझी नोकरी जाईल नाही तर तिची. माझी दोन पोरं लहान होती. तू एकटी होतीस."

तू एकटी होतीस. बाईंना वाटलं, याहून त्यानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"आणि मधले चार सेकंद?" त्यांनी विचारलं. "ते कशाला मोकळे सोडलेस?"

दादानं वर पाहिलं. "मोकळे? मी नाही सोडले. सलग होती ती."

"मोकळे आहेत. मी ऐकलेत."

त्याचा हात खुर्चीच्या दांडीवर काहीतरी शोधू लागला. "स्टुडिओला मी बाहेरून कुलूप घातलं होतं," तो म्हणाला. "आत काळं कुत्रं नव्हतं. टेप माझ्याकडं फिरत होती, तिचा आवाज दाखवणारी सुई हलत होती. आणि मधेच माइकची सुई हलली. आतल्या माइकची. चार सेकंद. कुणी बोललं की हलते तशी. मी काचेतून पाहिलं नाही. हिंमत झाली नाही. तुला म्हटलं ना, तू आली होतीस. ते सगळंच खोटं नव्हतं गं."

"स्वतःचं पाप धुवायला आता भूत उभं करतोस?"

"काय हवं ते म्हण. पण ती टेप ताईला ऐकवू नकोस."

बाई जिना उतरल्या. तो वरून एकदा 'बाई' म्हणाला. त्यांनी मागं पाहिलं नाही. ऐकवू नकोस म्हणे! हातच्या काकणाला आरसा कशाला? चोराला पुरावा नकोच असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला, वाचनालयातला हातात नेता येण्याजोगा टेपरेकॉर्डर घेऊन, बाई ताईच्या दारात उभ्या होत्या. तिसरा मजला. पुराच्या त्या दिवसानंतर ताई कधी तळमजल्यावर राहिली नाही.

ताईनं दार उघडलं. एकाहत्तर वर्षांची, केस पार पांढरे, हनुवटी आईसारखी. ती 'ये' म्हणाली नाही, पण दार लावलंही नाही. आत गेली आणि खिडकीपाशी बसली. बाई मागोमाग गेल्या.

"ताई, मी नव्हते," बाईंनी रात्रभर पाठ केलेलं भराभर बोलून टाकलं. "मी आजारी होते, घरीच होते. त्यांनी माझे जुने शब्द कापून जोडले. दादानं कबूल केलंय. पुरावा आणलाय मी. तू फक्त ऐक."

मांडीवरचा पदर ताईनं दोन्ही हातांनी सरळ केला. मग म्हणाली, "लाव."

"आधी हात लाव. हे बघ, जोड लागतात बोटाला. अकरा आहेत."

बाईंनी टेप हातभर उलगडून तिच्या पुढं धरली. ताईनं बोट ठेवलं आणि सावकाश फिरवलं. टोकापर्यंत. मग पुन्हा उलटं.

"कुठं?" ती म्हणाली.

बाईंनी टेप हातात घेतली. डोळे मिटून बोट फिरवलं. अजून हातभर उलगडली. पुन्हा फिरवलं. टेप पहिल्यापासून शेवटपर्यंत गुळगुळीत होती.

डब्यावरची तारीख तीच होती. कडेला कालच लागलेला त्यांच्या बोटाचा शाईचा डागही होता.

"लाव ना," ताई म्हणाली.

बाईंनी लावली.

"नदीकाठच्या वस्तीतल्या नागरिकांना कळवण्यात येतं की..."

मगरीचा हेल नव्हता. बस नव्हती, साबण नव्हता. एका दमात, नीट श्वास घेत, कुणीतरी समोरचा कागद वाचत होतं. आवाज बाईंचा होता. तापानं जरा जड झालेला.

"...काळजीचं काही कारण नाही. पाणी सोडण्यात येणार नाही."

मग ती मोकळी जागा आली. बंद खोलीचा जडपणा. कुणीतरी आवंढा गिळला.

"तायडे," आवाज म्हणाला.

जगात ताईला तायडे म्हणणारं एकच माणूस होतं.

"तायडे, ऐकतेस ना? भाऊजींना म्हणावं सामान उतरवा. मी येतेय."

ताईनं डोळे मिटले. "हेच," ती पुटपुटली. "शब्दन् शब्द हेच. आणि मला वेडी म्हणत होते."

"...कृपया घरातच थांबा," आवाजानं पुरं केलं आणि टेप संपली. सुटलेलं टोक रिळाबरोबर फटफट फिरू लागलं.

बाईंनी भिंतीतली पिन खेचून काढली. रिळं दोन वेळा फिरून थांबली. खोलीत अगदी शांत झालं.

ताई, ही टेप काल अशी नव्हती. ताई, ती मी नव्हते. त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले, हवा बाहेर पडली. आवाज आला नाही. बाईंनी गळ्याला हात लावला. त्या बुधवारी होता तसा गळा आतून रिकामा होता. दादानं दगा दिला होता, ते कळलं तरी होतं. पण हा तर त्यांचा स्वतःचा आवाज. आपलेच दात नि आपलेच ओठ. फिर्याद न्यायची कुणाकडं?

त्या ताईसमोर गुडघ्यांवर बसल्या. तिचे हात धरले. एकेक अक्षर ओठांनी स्पष्ट करत पुन्हा म्हणाल्या. ती मी नव्हते.

ताई त्यांच्याकडं बघत नव्हती. तिनं आपले हात हळूच सोडवून घेतले, मान वळवली आणि टेबलावरच्या बंद टेपरेकॉर्डरकडं पाहिलं.

"मग कोण होतं?" तिनं त्याला विचारलं.

आणि खुर्ची जराशी पुढं ओढून ती ऐकू लागली.